फुरसतीचं पाणी

मी पोचले त्या संध्याकाळी मैत्रिणीच्या नवऱ्याने माझ्या हातातली बॅग काढून घेतली, ओट्याकडे बोट केलं आणि एकच शब्द म्हणाला, "देस्कांसा." ग्रॅनडाहून निघाल्यापासून बसने घाटाची इतकी वळणं घेतली होती की पाय जमिनीवर टेकले तरी डोकं अजून वळतच होतं. मी बसले. मैत्रीण आतून ओरडली, "अगं, तो म्हणतोय जरा विसावा घे!"

त्या दोन शब्दांपाशीच माझी सुट्टी सुरू झाली. कारण हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी ते एकाच रीतीने घडलेले आहेत. स्पॅनिशमध्ये 'कांसार' म्हणजे थकवणं, त्याला 'देस' लावलं की थकवा निघून गेला; 'देस्कांसो' म्हणजे विश्रांती. आपल्याकडे 'श्रम' आणि त्याला 'वि' लागून 'विश्राम'. पुढे ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसा विश्रामातल्या 'म'चा 'व' झाला आणि विसावा हातात आला. दोन्ही भाषांना विश्रांतीसाठी स्वतंत्र, मुळातला शब्द सुचला नाही. आधी श्रम, मग त्यांची वजाबाकी. मराठीने तर हे इतकं मनावर घेतलंय, की लग्न किंवा संमेलन पार पडल्यावर राबलेल्या मंडळींना जे जेवण घालतात त्याला आपण सरळ 'श्रमपरिहार' म्हणतो. त्या जेवणाला राबलेल्यांनीच जायचं असतं, हे शब्दानेच सांगून टाकलंय.

'कांसार'च्या आत आणखी एक जुनी गोष्ट आहे. लॅटिनमधला 'कांप्सारे' आणि त्यामागचा ग्रीक शब्द यांचा अर्थ वाकवणं, वळवणं. म्हणजे स्पॅनिश माणसाचं थकणं हे मुळात वाकणं आहे. आपणही कामाने कंबर मोडली म्हणतो, पाठीचा काटा ढिला झाला म्हणतो, आणि विश्रांती हवी असली की "जरा पाठ टेकते" म्हणतो. वाकलेलं सरळ करायचं, एवढंच.

मैत्रीण मूळची वाईजवळची. माद्रिदमध्ये बरीच वर्षं नोकरी करून आता नवऱ्याबरोबर त्याच्या आजोळच्या डोंगरात येऊन राहिली आहे. स्पेनच्या दक्षिणेला सिएरा नेवादाची रांग आहे; मुलासेन हे तिचं सर्वांत उंच शिखर ३,४७९ मीटरचं. या रांगेच्या समुद्राकडच्या उतारावरचा मुलूख म्हणजे अल्पुहारा. पोकेइराच्या दरीत पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही पांढरी गावं एकाच्या डोक्यावर एक बसल्यासारखी दिसतात. मैत्रिणीचं घर त्यांच्या पलीकडे, वस्तीपासून जरा सुटं. दगडी भिंती, चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर दगडी फरशा आणि त्यांवर 'लाउना' नावाची करडी, चिकट माती चोपून केलेलं सपाट छप्पर. मी पहिल्यांदा वर गेले आणि म्हटलं, हे तर माळवद! मराठवाड्यात, सोलापूरकडे मातीच्या सपाट छपराचं जे घर असतं, तेच इथे. मैत्रिणीच्या नवऱ्याला 'माळवद' शब्द फार आवडला. नंतरचे आठ दिवस तो छतावर कपडे वाळत घालायला जाताना "माळवादो, माळवादो" म्हणत जिना चढायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि गावात चिटपाखरू नव्हतं. सिएस्ता. हा शब्द आता जगभर गेलाय, पण तो मुळात झोपेचा शब्दच नाही, तो घड्याळाचा शब्द आहे. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे बारा भाग करत. त्यातला सहावा तास, 'ओरा सेक्स्ता', संपला की सूर्य डोक्यावर. 'सेक्स्ता'ची झाली 'सिएस्ता'. आता आपल्याकडे बघा. दिवसाचे चार प्रहर. दोन प्रहर उलटले की 'द्विप्रहर', त्याचीच 'दुपार'. एक प्रहर तीन तासांचा. दोन त्रिक सहा. म्हणजे 'दुपार' आणि 'सिएस्ता' या दोन शब्दांनी आकाशातली एकच जागा मोजलेली आहे, एकाने तासांनी आणि एकाने प्रहरांनी. हे कळलं तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. दुपार हा शब्द मी जन्मभर वापरला, पण त्यातल्या 'दु'कडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

फरक पुढे आहे. स्पॅनिशने वेळेचं नाव झोपेला दिलं. मराठीने दुपारला दुपार राहू दिलं आणि त्या डुलकीसाठी 'वामकुक्षी' हा वेगळा शब्द घेतला. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवण पचायला डाव्या कुशीवर पडावं, ही वैद्यकीची सूचनाच शब्दात बसली आहे.

तरी एक कोडं उरलं होतं. सहावा तास म्हणजे मध्यान्ह, मग ही माणसं जेवतातच अडीच-तीनला, हे कसं? उत्तर घड्याळात आहे. स्पेन नकाशावर ग्रेट ब्रिटनच्या खालीच येतो, पण १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे करून जर्मनीच्या वेळेला जोडली गेली आणि तशीच राहिली. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. परिणामी जूनमध्ये ग्रॅनडाच्या आकाशात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजलेले असतात. म्हणजे ही माणसं उशिरा जेवत नाहीत. ती सूर्याने जेवतात. घड्याळ पुढे पळालंय.

जेवणानंतर लगेच कुणी उठत मात्र नाही. ताटं बाजूला सरकतात, कॉफी येते, आणि तास-दीड तास बोलणं चालतं. या बसण्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात: सोब्रे म्हणजे वर, मेसा म्हणजे टेबल. पोर्तुगीजमध्ये हाच शब्द जेवणानंतरच्या गोडाधोडाला लावतात. शेजारच्याने खाण्यावर नेला, स्पॅनिशने गप्पांवर ठेवला. मराठीत याला एका शब्दाचं नाव नाही, पण त्याहून चांगलं काही आहे. आपण म्हणतो, हात वाळेपर्यंत बोलत बसलो. खरकटा हात तसाच, उठून धुवायचं भान नाही, बोटांवरचा वरणभात कडक झालेला. सोब्रेमेसामध्ये टेबल दिसतं, आपल्या बोलण्यात प्रत्यक्ष हात दिसतो.

तिसऱ्या दिवशी त्या टेबलावर जे आलं, त्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. वांग्याचे लांबट काप, पिठात घोळवून ऑलिव्हच्या तेलात कुरकुरीत तळलेले, आणि वरून काळसर, दाट धार सोडलेली. मैत्रीण काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी एक काप तोंडात टाकला आणि कोल्हापूरच्या मावशीचं गुऱ्हाळ आठवलं. ती धार म्हणजे काकवी होती! ग्रॅनडा-मालागाकडची ही नेहमीची थाळी: 'बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या', म्हणजे उसाच्या मधातली वांगी. उसाच्या रसाच्या त्या पाकाला ते मध म्हणतात.

त्या ताटलीत दोन प्रवासी शेजारी बसले होते. पहिलं वांगं. संस्कृतातल्या 'वातिंगण'पासून आपलं वांगं आणि हिंदीतलं बैंगन. तोच शब्द फारसीत 'बादिंगान', अरबीत 'बादिंजान' झाला आणि अरबांबरोबर स्पेनात येऊन 'बेरेन्हेना'. पोर्तुगीजांनी त्याचं 'बेरिंजेला' केलं, आणि त्यांच्याच जहाजातून तो शब्द परत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. आज मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'ब्रिंजल' छापतात तो हाच. म्हणजे आपण ज्याला इंग्रजी म्हणून बाजूला ठेवतो, तो घरातून निघून सारी पृथ्वी पालथी घालून मागच्या दाराने घरी आलेला वांग्याचाच पोर आहे.

दुसरी साखर. संस्कृत 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, रेव. उसाचा रस आटवून जे खडे मिळाले त्यांना तेच नाव मिळालं. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये 'आसुकार'. मराठीत शर्करेची साखर होता होता तिच्यातले खडे विरघळून गेले, म्हणून आपल्याला पुन्हा 'खडीसाखर' म्हणावं लागलं. आणि हा शब्द इथे केवळ दुकानातून आलेला नाही. निरभ्र दिवशी या डोंगरातून खाली भूमध्य समुद्राची रेघ दिसते. ग्वादालफेओ नदी अल्पुहाराचं पाणी घेऊन तिकडे जाते, आणि तिच्या मुखाशी, मोत्रिल-सालोब्रेन्याच्या किनारपट्टीवर, अरबांच्या काळापासून ऊस होत होता. तिथला शेवटचा कारखाना २००६ साली बंद पडला. ऊस गेला, काकवी ताटलीत राहिली.

'आसुकार'च्या आधीचा तो 'आ' कुठून आला, हेही सांगायला हवं. अरबीत नामाआधी 'अल्' लावतात आणि पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचा 'अस्', 'अझ्' होतो. स्पेनमधल्या लोकांनी तो 'अल्' शब्दाचाच भाग समजून उचलला. अस्-सुक्करचं आसुकार, अझ्-झैतचं आसेइते म्हणजे तेल, अल्-बिर्काचं आल्बेर्का म्हणजे हौद. स्पॅनिशमध्ये अरबी मुळाचे सुमारे ४,००० शब्द आहेत असं सांगतात आणि त्यांतले कितीतरी असे 'अल्'सकट आलेले. मैत्रिणीच्या अंगणात आल्बेर्का आहे. मी त्यात पाय सोडून बसले होते तेव्हा लक्षात आलं, की मी मनात ज्याला हौद म्हणतेय तो 'हौद'ही अरबीच. पुण्यातल्या काळ्या हौदाचं आणि या आल्बेर्काचं घराणं एक. स्पेनने अरबांकडून एक शब्द घेतला, आपण फारसीच्या हातून दुसरा.

या आल्बेर्कात पाणी येतं ते आसेकियातून. आणि अल्पुहारात काही जाणून घ्यायचं असेल तर ते हेच. आसेकिया म्हणजे पाट. अरबी 'अस्-साकिया', त्याचा धातू 'पाणी पाजणे' या अर्थाचा. गझलेतला साकी त्याच धातूतून येतो. तो मद्य पाजतो, ही डोंगराला पाणी पाजते. हे पाट वितळलेल्या बर्फाचं पाणी मैलोन् मैल उताराच्या कडेकडेने आणतात. काही पाट तर ते पाणी शेतात नेतही नाहीत. वरच्या उतारावर मुरमाड जागी ते सोडून देतात, जमीन ते पिते, आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या गावांच्या झऱ्यांना पाणी वाढतं. याला इथे 'पाणी पेरणं' म्हणतात. आपण 'पाणी जिरवणं' म्हणतो. आपला शब्द पाणी आत जाताना पाहतो, त्यांचा शब्द ते उगवून येईल म्हणून वाट पाहतो. मला त्यांचा शब्द जास्त आवडला, हे कबूल करते.

हे पाट ज्यांनी बांधले, वाढवले, ती माणसं इथे उरली नाहीत. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा पडलं. अल्पुहारातल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. १५६८ साली ते उठले आणि १५७१ पर्यंत डोंगरात झुंजले. मग त्यांना इथून हलवून दूर विखुरलं, आणि १६०९ पासून देशाबाहेरच घालवलं. रिकाम्या घरांत उत्तरेकडच्या पावसाळी मुलखातून नवी कुटुंबं आणून बसवली. गावात सांगतात, की पाट कसे चालवायचे हे नव्या लोकांना शिकवायला प्रत्येक गावात दोन जुनी घरं ठेवून घेतली होती. ती ठेवली असोत वा नसोत, शब्द मात्र ठेवले गेले. ज्यांची भाषा बोलायला बंदी झाली, त्यांच्याच भाषेत आजही पाण्याचा हिशेब चालतो. मला हे विचार करताना गलबलून आलं. पाटाच्या कडेला बसून मी 'आसेकिया' शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. गाळ काढल्यावर पाणी जसं खळखळत निघतं तसा तो आहे.

२०१४ पासून ग्रॅनडा विद्यापीठातली पुरातत्त्वाची मंडळी गावकरी आणि स्वयंसेवक घेऊन बुजलेले जुने पाट उकरत आहेत. कुदळीला पाणी लागलं की टाळ्या वाजतात, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं.

हे आजोबा मैत्रिणीच्या वरच्या अंगाला राहतात. पाण्याचं वेळापत्रक त्यांच्या तोंडपाठ आहे: कुणाचं शेत किती, त्याला किती तास, कोणत्या वारी, दिवसा की रात्री. आमच्या धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत आहे, बंधारा, पाट आणि पाणी फिरवणारा पाटकरी आहे, हे मी त्यांना मैत्रिणीमार्फत सांगितलं. "पाटकरी," त्यांनी म्हणून पाहिलं आणि छातीवर बोट ठेवलं. पाण्याच्या पाळीला ते 'तांदा' म्हणतात. मैत्रिणीच्या नवऱ्याने सांगितलं, की याला आणखी एक जुना शब्द आहे, 'दुला'. स्पॅनिश अकादमीच्या कोशात तो आहे: एकाच पाटावर पाळीपाळीने भिजणाऱ्या जमिनीचा एकेक हिस्सा म्हणजे दुला. मूळ अरबी 'दौला', म्हणजे आळीपाळी, फिरता क्रम.

दौला! मी मैत्रिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. ही तर आपली दौलत. नशीब फिरतं, राज्य एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणून अरबीत 'दौला' म्हणजे राज्य आणि मग वैभव. फारसीने ते वैभव उचललं आणि आपल्या दप्तरांत, बखरींत आणून ठेवलं. मराठीत दौलत आली ती खजिना होऊन, सांभाळायची, वाढवायची, कुणी लुटू नये म्हणून पहारा ठेवायची. स्पेनच्या डोंगरात तोच शब्द पाटाच्या कडेला राहिला आणि आपला जुना अर्थ धरून बसला: आता तुझी पाळी, मग त्याची.

मग मला आणखी एक शब्द खुणावू लागला, आणि तो मी स्वतःबरोबरच घेऊन आले होते. निघण्याआधी मी सगळ्यांना सांगत होते, की दोन वर्षांनी फुरसत मिळाली आहे. फुरसत हा अरबी 'फुर्सा'. आजच्या अरबीत त्याचा अर्थ संधी. पण अरबीच्या जुन्या कोशकारांनी त्याचा एक अर्थ नोंदवून ठेवला आहे: रखरखीत मुलखात एकाच पाणवठ्यावर अनेक लोक येतात तेव्हा प्रत्येकाला मिळणारी पाण्याची पाळी. आपली पाळी आली म्हणजे संधी आली. फारसी-उर्दूमार्गे ती संधी मोकळा वेळ झाली. मराठीत तो वेळ निवांत झाला. आपण "मरायला फुरसत नाही" म्हणतो तेव्हा खरं तर पाणवठ्यावर रांगेत उभे असतो.

आराम शब्दानेही मला असंच थांबवलं. कोशात तो फारसी म्हणून लिहितात, पण संस्कृतातही स्वतःचा 'आराम' आहे आणि त्याचा अर्थ बाग, उपवन. बौद्ध भिक्षूंचा संघाराम त्यातलाच. दोन्हींच्या मुळाशी शांत होणं, रमणं या अर्थाचा एकच प्राचीन धातू. ग्रॅनडा शहरात उंच भिंतींआड बाग असलेल्या घराला 'कार्मेन' म्हणतात, तो अरबी 'कर्म', द्राक्षवेल. बाग आणि विश्रांती यांना वेगळं करणं कुठल्याच भाषेला जमलेलं दिसत नाही. बागेला पाणी लागतं, ते आलंच.

शेवटच्या रात्री मैत्रिणीच्या घराची तांदा होती, पहाटे दोन ते चार. ती म्हणाली, "तू झोप गं, उद्या प्रवास आहे." मी म्हटलं, येते. तिच्या माहेरी, वाईकडे, याला दारं धरणं म्हणतात. पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं, एक दार बंद, एक दार उघडं. तिचे वडील रात्रीची दारं धरायला जात तेव्हा लहानपणी ती कंदील घेऊन मागे जायची. आता डोक्याला विजेरी बांधून, रबरी बूट घालून ती पुढे आणि मी मागे.

दोनला पाच मिनिटं असताना आजोबा वरून उतरत आले. त्यांची पाळी संपत होती. त्यांनी पाटातला लोखंडी पत्रा दोन्ही हातांनी वर ओढला, शेजारच्या खाचेत बसवला, टाचेने दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग अंधारात, पलीकडच्या दगडांच्या पायरीवरून, आवाज आधी आला आणि पाणी मागून आलं. पुढे वाळलेलं पान, त्यामागे फेस, त्यामागे काळं, थंडगार, बर्फाचं पाणी. ते टोमॅटोच्या पहिल्या सरीत शिरलं आणि माती चर्रकन आवाज करत ते प्यायली.

आजोबांनी हात पँटला पुसले. "आला, देस्कांसार," ते स्वतःशीच म्हणाले आणि घराकडे चढू लागले. मैत्रिणीने फावडं माझ्या हातात दिलं.

"धर दार," ती म्हणाली.